शिंजुकु स्टेशन: दोनशे दरवाजे आणि एक कोल्हापूरकर

कुणी लोकलमध्ये उभे असाल, कुणी भांडी घासता घासता ऐकत असाल, कुणी ऑफिसची मीटिंग म्यूट करून ऐकत असाल (मी कुणाला सांगणार नाही).

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. पठ्ठ्या आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच जपानला निघालाय. व्हिसा आलाय, तिकिटं झालीत, आणि प्रश्न एका ओळीचा: "दादा, टोकियोच्या स्टेशनात खरंच हरवायला होतं, की लोक रीलसाठी बोलतात?"

होतं. मी हरवलोय. एकदा एकटा, आणि एकदा आईला घेऊन. दुसऱ्या वेळी नक्की कोण हरवलं होतं यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. ते शेवटी सांगतो.

तर आजचा भाग पूर्णपणे एकाच स्टेशनावर. शिंजुकु.

आधी आकडा सांगतो, म्हणजे तुम्ही मला हसणार नाही. गिनीज बुकात जगातलं सगळ्यात गजबजलेलं स्टेशन म्हणून शिंजुकुची नोंद आहे. २०१८ साली इथे रोज सरासरी ३५ लाखांच्या वर प्रवाशांची ये-जा होती. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या पुणे महापालिकेच्या हद्दीत साधारण ३१ लाख लोक होते. म्हणजे अख्खं पुणं, पेठा, कोथरूड, हडपसर, सगळं धरून, एका स्टेशनातून एका दिवसात जातं आणि वर चार लाख उरतात. बाहेर पडायचे रस्ते दोनशेच्या वर. या स्टेशनाच्या भुलभुलैयावर जपानी लोकांनी एक मोबाइल गेम बनवलाय, 'शिंजुकु डंजन' नावाचा. जिथे राहणारेच स्टेशनाला तळघर-कोठडी म्हणतात, तिथे आपण कोण!

आणि मी कुठला? कोल्हापूरचा. आमच्याकडे गाडी येते आणि थांबते, कारण पुढे रूळच नाहीत. उतरायचं, बाहेर यायचं, रिक्षावाल्याला नाही म्हणायचं, संपला विषय.

शिंजुकु सुरू झालं १८८५ साली, तेव्हाच्या टोकियोच्या कडेला एक साधं स्टेशन म्हणून. मग एकेक कंपनी आपापली लाईन घेऊन येत गेली. आज तिथे पाच जण गाड्या चालवतात: जेआर ईस्ट, ओदाक्यु, केइओ, टोकियो मेट्रो आणि तोएइ. प्रत्येकाची गेटं वेगळी, फलाटांचे नंबर वेगळे, पाट्यांची स्टाइल वेगळी. एका वाड्यात पाच बिऱ्हाडं असावीत आणि बोळ सगळ्यांचा एक, तसं समजा. एकट्या जेआरचेच १६ फलाट आहेत. त्यामुळे कुणी "शिंजुकु स्टेशनावर भेटू" म्हणालं तर त्याचा अर्थ "शनिवार पेठेत भेटू" एवढाच होतो.

आता माझी गोष्ट.

ऑक्टोबर २०२३. माझी पहिली ऑनसाइट ट्रिप, दोन आठवड्यांची. क्लायंटचं ऑफिस निशी-शिंजुकुमध्ये, आणि माझं हॉटेल ज्या स्टेशनाजवळ होतं त्या स्टेशनाचं नाव कांदा. खरंच. गाडीत दर वेळी एक गोड आवाज "कांदा, कांदा" म्हणायचा आणि मी एकटाच हसायचो.

मंगळवारी सकाळी ९ वाजता डेमो होता. या ट्रिपला खरं तर टीममधला एक सीनियर जाणार होता. आमच्या टीम लीडनं माझ्यासाठी भांडून ती जागा मला दिली होती. मॅनेजरला ती म्हणाली होती, "कोड याने लिहिलाय, दाखवेलही हाच." हे वाक्य मला तिने नाही, दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं. त्यामुळे ते डोक्यात जास्तच बसलं होतं.

सोमवारी क्लायंटचा माणूस मला हॉटेलवरून घ्यायला आला होता. मी त्याच्या पाठीकडे बघत चालत गेलो आणि त्याच्या पाठीकडे बघत परत आलो. मला वाटलं, रस्ता कळला. कुणाच्या मागे चालून रस्ता कधीच कळत नाही, पाठ तेवढी पाठ होते.

मंगळवारी एकटा निघालो. चुओ लाईनची नारिंगी पट्ट्याची रॅपिड गाडी. ८ वाजून १८ मिनिटांनी शिंजुकुला उतरलो. डेमोला ४२ मिनिटं बाकी, ऑफिस चालत दहा-बारा मिनिटांवर. मनात म्हटलं, कॉफी पण होईल.

उतरलो म्हणजे काय, गर्दीनं उतरवलं. आवाज फार नव्हता, आणि हेच विचित्र वाटत होतं. दादरला एवढी माणसं असती तर कान फुटले असते. इथे फक्त बुटांचा आवाज, आणि कुठूनतरी चिमण्यांची चिवचिव. मी वर बघून चिमण्या शोधल्या. नंतर कळलं, तो स्पीकर असतो. दिसत नाही अशा माणसांना जिना कुठे आहे ते कळावं म्हणून फलाटावर जिन्याजवळ पाखरांचा आवाज लावतात. गेटजवळ "पिंग... पाँग" वाजत राहतं, तेही त्यासाठीच. मला ते काहीतरी बिघडल्याचा अलार्म वाटत होता. जमिनीवरच्या त्या पिवळ्या उठावदार फरशा आपल्या मेट्रोतही आहेत ना? त्या सेइइची मियाके नावाच्या जपानी माणसानं १९६५ मध्ये शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. असो, भरकटलो. त्या दिवशीही असाच भरकटलो.

गर्दी जिना उतरून खाली गेली, मीही गेलो. खाली लोक दोन दिशांना फुटले. मी विचार केला, आधी बाहेर तर पडू, आकाश दिसलं की जीपीएस येईल, मग बघू. आपल्या धंद्याची सवय. आधी रन करायचं, एरर आली की वाचायचं.

उजवीकडे वळलो, गेटवर कार्ड टेकवलं, पायऱ्या चढून वर रस्त्यावर आलो. आणि समोर मांजर!

तुम्ही रीलमध्ये पाहिलं असणार. इमारतीच्या माथ्यावर वळणदार स्क्रीन आहे आणि त्यात भलंमोठं थ्रीडी मांजर बाहेर डोकावतं. २०२१ पासून आहे ते. मी खूश! फोन काढून व्हिडिओ घेतला. साधारण दहा सेकंद मी टोकियोतला सगळ्यात सुखी इंजिनिअर होतो.

मग मॅप उघडला. मांजर स्टेशनाच्या पूर्वेला आहे. माझं ऑफिस निशी-शिंजुकुत. निशी म्हणजे पश्चिम.

मधे रूळ. सोळा फलाटांचे रूळ.

मॅप म्हणत होता, वरून वळसा घालून जा. निळा ठिपका एकदा रस्त्यावर, एकदा दुकानात, एकदा थेट रुळांवर. उंच इमारतींच्या मधे असंच होतं. मी उत्तरेला चालत सुटलो. मोठ्या रस्त्याच्या कडेला जमिनीखाली जाणारा जिना दिसला, पाटीवर बाण आणि इंग्रजीत 'शिंजुकु'. वाटलं, हा आपला शॉर्टकट. खाली उतरलो तर तो निघाला बाजार. कपडे, बूट, केक, परत कपडे. बाण धरून चालत राहिलो आणि एका स्टेशनाच्या गेटसमोर येऊन उभा राहिलो. नाव होतं सेइबु-शिंजुकु.

हे वेगळं स्टेशन आहे, मंडळी! वेगळी कंपनी, वेगळी इमारत, चालत काही मिनिटं लांब. आणि हे एकटं नाही. निशी-शिंजुकु, हिगाशी-शिंजुकु, मिनामी-शिंजुकु, शिंजुकु-सांचोमे, शिंजुकु-निशिगुची, शिंजुकु-ग्योएनमाए, ही सगळी वेगवेगळी स्टेशनं आहेत. बुकिंग करताना हॉटेलवाले यातलं कुठलंही 'शिंजुकु' म्हणून खपवतात, लक्ष ठेवा.

८ वाजून ५० मिनिटं झाली होती. ऑक्टोबरातही शर्ट पाठीला चिकटलेला. भारतात पहाटेचे ५ वाजून २० मिनिटं, टीम लीड लवकर उठून कॉलला तयार बसलेली असणार. काय मेसेज करायचा? "मांजर बघत होतो"?

शेवटी गेटवरच्या कर्मचाऱ्याकडे गेलो. मी हे पहिल्या मिनिटाला करायला हवं होतं. पण मला लाज वाटत होती. हातात एवढा भारी फोन आणि रस्ता विचारायचा? त्या माणसाला इंग्रजी जेमतेम येत होतं, मला जपानी अजिबात नाही. मी ऑफिसचा पत्ता दाखवला. त्याने काउंटरखालून छापील नकाशा काढला, लाल पेनानं 'तू इथे' असा गोल केला, एक रेघ रुळांखालून पलीकडे नेली आणि दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली. दहा मिनिटं. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

रुळांखालून जाणारा एक मोठा रस्ता आहे, त्यातून पळत गेलो. पोचलो ९ वाजून १७ मिनिटांनी. आत डेमो सुरू झाला होता. पुण्याहून टीम लीड स्वतः स्क्रीन शेअर करून, मी लिहिलेला कोड, मला जमला असता त्यापेक्षा शांतपणे दाखवत होती. मी आत आलो तर तिथल्या कुणीही वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. जपानात गाडी उशिरा आली तर रेल्वे उशिराचा दाखला देते, तो ऑफिसात दाखवता येतो. गाडी वेळेवर आणि माणूस उशिरा, याचा दाखला कुणी देत नाही.

तिचा मेसेज नंतर आला. "पोचलास ना? बस." ती रागावली असती तर मी दुपारी जेवलो असतो.

दुपारी क्लायंटकडचे एक वयस्कर इंजिनिअर माझ्याजवळ आले. मूळचे क्युशुचे, म्हणजे पार दक्षिणेकडच्या बेटावरचे. तुटक्या इंग्रजीत म्हणाले, मी टोकियोला आलो तेव्हा महिनाभर हरवत होतो. मग वहीत त्यांनी उभ्या रेघा काढल्या. हे रूळ, उत्तर-दक्षिण. इकडे पूर्व, इकडे पश्चिम, खाली दक्षिण. आणि विचारलं, "गेट कुठलं ठरवलं होतंस?"

मी गेट ठरवलंच नव्हतं. मी फक्त स्टेशन ठरवलं होतं.

त्या रेघा बघून मला आमची पंचगंगा दिसली. रूळ म्हणजे नदी. तुम्हाला नदीच्या कुठल्या काठाला जायचंय, ते होडीत असतानाच माहीत पाहिजे. चुकीच्या काठावर चढलात की मग पूल शोधत फिरा. माझं पुढचं पूर्ण शिंजुकु या एका चित्रावर चालतं, म्हणून तुम्हालाही तेच देतो.

म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? हॉटेलच्या वायफायवर असतानाच ठिकाणाचं नाव टाका आणि कुठलं गेट ते बघा. गेट म्हणजे काइसात्सु, जिथे कार्ड टेकवतो ती जागा. मांजर, काबुकिचो, तिकडची खाण्याची ठिकाणं हवी असतील तर पूर्व. टोकियो महानगर सरकारची जुळी इमारत, जिच्या ४५ व्या मजल्यावरून फुकटात शहर दिसतं, ती पश्चिमेला. फुजी पर्वताकडे जाणाऱ्या हायवे बस 'बस्ता शिंजुकु' टर्मिनलच्या चौथ्या मजल्यावरून सुटतात, त्यासाठी 'न्यू साउथ' गेट. इथे सावध राहा. साउथ वेगळं, साउथईस्ट वेगळं, न्यू साउथ वेगळं. बस तुमची वाट बघणार नाही, ती एसटी नाही. हात केला की थांबणारी तर अजिबातच नाही.

आता एक गुरुकिल्ली, जी मला कुठल्याच व्हिडिओत मिळाली नव्हती. जेआरच्या फलाटावर उतरलात की पूर्व किंवा पश्चिम गेट हवं असेल तर जिना खाली. दक्षिणेकडची गेटं हवी असतील तर जिना वर. एवढं पाठ असलं तरी अर्धी चूक टळते. आणि कुठला जिना समोर येणार हे डब्यावर ठरतं. मुंबईकरांना हे शिकवायला नको, दादरचा पूल कुठल्या डब्यासमोर येतो हे त्यांना झोपेत माहीत असतं. तिथे फलाटावर डब्याचे नंबर लिहिलेले असतात, आणि नॅव्हिटाइमसारखी ॲप कुठल्या डब्यात बसायचं तेही सांगतात.

आणि चुकीच्या काठावर चढलातच, तर माझ्यासारखे पळू नका. १९ जुलै २०२० पासून एक सोय झालीय. पूर्व आणि पश्चिम गेटांच्या मधून रुळांखालून थेट जाणारा मोकळा रस्ता खुला झालाय. सुमारे १०० मीटर लांब, २५ मीटर रुंद, तिकीट लागत नाही. त्याआधी पलीकडे जायचं तर वळसा घाला नाहीतर प्लॅटफॉर्म तिकीट काढा. मी त्या दिवशी पूर्व गेटातून बाहेर पडलो तेव्हा हा रस्ता माझ्या शेजारी होता. दीड-दोन मिनिटांचं काम. मी पायऱ्या चढून वर गेलो, कारण मला आकाश हवं होतं.

म्हणून २०१९ चा 'शिंजुकु गाइड' व्हिडिओ बघून जाऊ नका. पश्चिमेच्या बाजूला मोठी पाडापाडी आणि बांधकाम चाललंय, ओदाक्युचं जुनं डिपार्टमेंट स्टोअर २०२२ मध्ये बंद झालं, वाटा बदलत राहतात. भिंतीवरच्या पाटीवर विश्वास ठेवा, आठवणीवर नको.

पाट्यांचं म्हणाल तर जेआरमध्ये बाहेर जायची पाटी पिवळी असते. पिवळं म्हणजे बाहेर. फक्त सोबू लाईनचा रंगही पिवळाच, हे कुणाच्या डोक्यातून आलं ते विचारू नका. पाटीवर लाईनचं अक्षर आणि नंबरवालं चिन्ह दिसलं की ती गाडीकडे नेणारी.

दोन जपानी शब्द शिकून जा. बाहेर पडायची जागा म्हणजे 'देगुची'. त्यातलं 'गुची' म्हणजे मूळ 'कुची', तोंड. आपण गल्लीच्या तोंडाशी म्हणतो ना, अगदी तेच! लिहितात एक साधा रिकामा चौकोन. 'दे'चं अक्षर एकावर एक ठेवलेल्या दोन डोंगरांसारखं दिसतं. दोन डोंगर आणि चौकोन, बाहेर. आणि पूर्वेचं अक्षर तुम्हाला आधीच माहीत आहे, कारण टोकियो या नावाचं पहिलं अक्षर तेच. टोकियो म्हणजे पूर्वेची राजधानी. टोकियोतलं पहिलं अक्षर आणि पुढे चौकोन दिसला की पूर्वेचं दार.

पण दुकानांच्या नावावर जाऊ नका बरं. शेजारच्या इकेबुकुरो स्टेशनात सेइबु नावाचं स्टोअर पूर्वेला आहे आणि तोबु नावाचं पश्चिमेला. सेइ म्हणजे पश्चिम, तो म्हणजे पूर्व. असं नाव ठेवणाऱ्याला माझ्याकडून कोड रिव्ह्यूत नक्की रिजेक्ट मिळालं असतं.

कार्डाचं पटकन सांगतो. विमानतळावर पर्यटकांसाठी 'वेलकम सुइका' मिळतं. २८ दिवस चालतं, डिपॉझिट नाही, पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून थोडे थोडे भरा. आयफोनवर सुइका वॉलेटमध्ये घालता येतं. आपल्याकडे घेतलेल्या अँड्रॉइडवर बहुतेक चालत नाही, त्यासाठी लागणारी सोय जपानबाहेरच्या फोनमध्ये सहसा नसते. मशीनवर कार्ड भरायला रोख येन जवळ ठेवा. माणशी एक कार्ड. एकाच कार्डावर आई-बाबांना मागून ढकलायचं नाही, गेट लगेच मिटतं.

गेटची एक गंमत सांगू द्या, हे माझं आवडतं आहे. आपल्या मेट्रोचं गेट बंद असतं आणि कार्ड टेकवल्यावर उघडतं. तिथली बरीच गेटं उघडीच असतात आणि काही चुकलं तरच मिटतात. माणसं न थांबता वाहत राहतात. कार्ड वाचून, पैसे कापून, परत लिहून मोकळं, हे सगळं ०.२ सेकंदात. सुरुवातीच्या चाचण्यांत लोकांना कार्ड कुठे टेकवायचं तेच कळेना. मग शुन्जी यामानाका या डिझायनरने टेकवायची जागा माणसाकडे १३.५ अंश कलती केली. काम झालं. मी ते वाचलं त्या दिवशी ऑफिसात तीन तास काहीच केलं नाही, नुसता विचार करत बसलो.

गेट मिटलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा बॅलन्स कमी असतो. बाजूला व्हा, गेटाच्या आतच फरक भरायचं मशीन असतं, नाहीतर टोकाच्या खिडकीत माणूस असतो.

बाजूला व्हा, हे मात्र सगळीकडे. चालता चालता मधेच थांबून फोन बघू नका. मागून येणारा तुम्हाला काही म्हणणार नाही, पण तो सातव्या माणसापर्यंतचा हिशोब बिघडतो. खांब शोधा, खांबाला टेका, मग फोन काढा. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. आणि मोठी बॅग घेऊन सकाळी ८ ते ९ शिंजुकुत उतरू नका, हॉटेलच्या काउंटरवरून बॅग पुढच्या हॉटेलला कुरिअर करता येते.

झालं. आता आईची गोष्ट, कारण प्रश्न विचारणारा आई-बाबांना घेऊन चाललाय.

२०२४ च्या एप्रिलमध्ये मी आईला घेऊन गेलो. बाबांच्या गुडघ्यामुळे ते आले नाहीत. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, परदेशात पहिल्यांदाच. तिचा फोन जुना, त्यात ई-सिम चालत नाही. म्हणून मी म्हटलं, माझं हॉटस्पॉट आहे ना, आपण काय वेगळे फिरणार आहोत? इथेच चूक झाली, नोंद घ्या.

सकाळी हॉटेलात मी तिला समजावत होतो. हिरवी लाईन, चौदा नंबरचा फलाट, दोन स्टेशनं, हाराजुकु. रूळ, नदी, चौकोन, डोंगर, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढं माझ्या लक्षात राहायचं नाही. चुकामूक झाली तर मी हलणार नाही. तू ये."

हा आमच्या घरचा जुना नियम. मी पाच-सहा वर्षांचा असताना चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर नेताना ती मला हेच सांगायची. हरवलास तर जिथं असशील तिथं उभा राहा. तू मला शोधायला निघालास आणि मी तुला, तर दोघं गुलालात फिरत बसू.

दहा वाजले असतील. गर्दीची वेळही नव्हती. चौदा नंबरवर यामानोते लाईनची गाडी आली. आतून शाळेची मुलं उतरत होती. आईने त्यांना वाट द्यायला दोन पावलं मागे घेतली, मी बाजूने आत शिरलो, वळलो, आणि दार मिटलं. काचेपलीकडे आई. साडी, वर स्वेटर, पायात माझे जुने स्पोर्ट शूज. तिने हात वर केला. टाटा नाही, पंजा. 'थांबलेय' असा.

पुढचं स्टेशन योयोगी, दोन मिनिटांवर. ती दोन मिनिटं मला डेमोच्या ४२ मिनिटांपेक्षा लांब वाटली. तिच्याकडे फोन म्हणजे नुसता कॅमेरा होता. पासपोर्ट माझ्या पाठीवरच्या बॅगेत. हॉटेलचं कार्ड तिच्या पर्समध्ये आहे की नाही ते आठवेना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी तिला "दोन स्टेशनं" असं शिकवून ठेवलं होतं. ती मागच्या गाडीत चढली तर? मी तिच्या जागी असतो तर नक्की चढलो असतो.

योयोगीला उतरलो, जिने करत पलीकडच्या फलाटावर गेलो, उलटी गाडी पकडली. ती शिंजुकुत लागते पंधरा नंबरवर. पुन्हा जिना खाली, पुन्हा जिना वर, चौदा. सगळं मिळून नऊ-दहा मिनिटं.

आई तिथेच होती. डब्याच्या सात या आकड्यावर पाय ठेवून उभी. आणि तिच्या शेजारी, तिच्याच वयाची, एक जपानी बाई.

आई मराठीत बोलत होती, त्या जपानीत. मला बघून त्या बाई "योकात्ता, योकात्ता" म्हणाल्या. म्हणजे बरं झालं, सुटलो बाई. मग कमरेत वाकल्या, आईने नमस्कार केला, त्या परत वाकल्या, आईने परत नमस्कार केला. मी मधे नुसता घाम पुसत उभा.

आईने सांगितलं ते असं. गाडी गेल्यावर या बाई जवळ आल्या. आईने गाडी गेली तिकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "मुलगा." बस. त्या समजल्या. तेरा आणि चौदा हे फलाट एकमेकांना पाठ लावून आहेत, एकीकडे यामानोते, दुसरीकडे पिवळी सोबू. त्यांची गाडी तेरावरची. "दोनदा तिची गाडी आली रे," आई म्हणाली, "दोनदा तिने माझ्याकडे बघितलं आणि सोडली."

तेवढ्यात तेरावर पिवळी गाडी आली. आई एकदम पर्समध्ये हात घालून काहीतरी शोधायला लागली. डबी, रुमाल, चष्मा, औषधं. हॉटेलचं कार्डही निघालं. त्या बाई गाडीत चढल्या, दारातून वाकल्या, दार मिटलं. आणि आईच्या हाताला पुडी लागली, जयसिंगपूरच्या भडंगाची.

आम्ही पुढच्या गाडीने हाराजुकुला गेलो, या वेळी हात धरून. पुडी दुपारी योयोगी पार्कात झाडाखाली बसून संपवली. दोन घास खाल्ल्यावर आई म्हणाली, "तिला तिखट लागलं असतं म्हणा."